भिंतीमागचे पाणी: घोटी-त्र्यंबक परिसरातील डोंगरउतारावरच्या एका घराचे प्रकरण

२०२२ च्या जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात नाशिकला गोदावरीचा पूर आला होता. गोदापात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या अंगावर पाणी किती चढले याचीच चर्चा शहरात चालू होती, आणि त्याच दिवसांत घोटी-त्र्यंबक रस्त्याच्या आतल्या अंगाला, डोंगरउतारावर वसवलेल्या एका गेटेड प्लॉटिंग स्कीममधून मला फोन आला. पाच गुंठ्यांच्या प्लॉटवर एका जोडप्याचे घर जोत्यापर्यंत आले होते आणि प्लॉटच्या वरच्या हद्दीवरील तीन मीटर उंचीच्या दगडी संरक्षक भिंतीला पोट आले होते. मी नाशिकमध्ये स्ट्रक्चरल इंजिनीअर म्हणून काम करतो. या घराचा आराखडा माझा नव्हता. वसाहतीचे, विकासकाचे आणि प्लॉटधारकांचे नाव येथे देत नाही, कारण प्रकरण समजण्यासाठी त्याची गरज नाही आणि अशा वसाहती त्या पट्ट्यात बऱ्याच आहेत.

पोहोचलो तेव्हा पाऊस थांबलेला नव्हता. भिंतीच्या माथ्यावरून ओळंबा सोडला, तर जमिनीपासून सुमारे सव्वा मीटर उंचीवर भिंत अकरा सेंटिमीटर पुढे आलेली होती. त्याच भिंतीच्या पायथ्याशी ठेकेदाराने मजुरांसाठी पत्र्याच्या दोन खोल्या टाकल्या होत्या आणि त्यांतल्या एका खोलीत चूल पेटलेली होती. मोजमाप बाजूला ठेवून आम्ही आधी ती दोन कुटुंबे क्लबहाऊसच्या व्हरांड्यात हलवली. त्यानंतर वरच्या प्लॉटच्या लॉनमध्ये भिंतीला समांतर पडलेली भेग ताडपत्रीने झाकली, भिंतीच्या डोक्यावर रचून ठेवलेली विटांची थप्पी उतरवली आणि पाणी बाहेर येण्यासाठी भिंतीत ठेवलेली भोके, ज्यांना साइटवर सगळे वीप होल म्हणतात, एकेक करून तपासली. दोन ओळींत मिळून चोवीस भोके होती. त्या मुसळधार पावसात पाणी येत होते फक्त पाच भोकांतून.

उरलेल्या एकोणीस भोकांत सळई घातली तेव्हा कारण हाताला लागले. सळई वीतभर आत जाऊन टणक वस्तूला आपटत होती. भिंत बांधताना पाइपचे मागचे तोंड सिमेंटच्या रिकाम्या गोणीचा कागद कोंबून बंद केलेले होते, म्हणजे मसाला आत उतरू नये. नंतर तो कागद काढायचा राहिला आणि त्यावरच काँक्रीटचा रस बसला. भिंतीमागे खडीचा थर नव्हता, माती अडवून पाणी सोडणारे कापड नव्हते, थेट मातीचा भराव होता. समोरून पाहणाऱ्याला भोके नीट, ओळीत, पीव्हीसीच्या पांढऱ्या कडांसह दिसत होती, आणि प्लॉट ताब्यात घेताना या जोडप्याने तेवढेच पाहिले होते. त्यांनी आणखी काय पाहायला हवे होते, असा प्रश्न मला कुणी विचारला तर मी त्यांना दोष देणार नाही.

तीन मीटर उंचीच्या भिंतीमागे कोरडा, निचरा होणारा मुरूम असेल, तर भिंतीच्या प्रत्येक मीटर लांबीवर साधारण २.७ टन रेटा येतो. तोच भराव पाण्याने माथ्यापर्यंत भरला, तर भिजलेल्या मातीचा साधारण १.४ टन आणि पाण्याचा स्वतःचा ४.५ टन, असा मिळून रेटा सहा टनांच्या जवळ जातो. म्हणजे भिंत तीच, माती तीच, आणि केवळ निचरा बंद असल्यामुळे भार दुपटीहून अधिक होतो. शिवाय दगडी बांधकामाच्या भिंतीचा पाया साधारणपणे उंचीच्या निम्म्याइतका तरी रुंद असावा लागतो. येथे टोकाला खणून पाहिले तेव्हा तो नव्वद सेंटिमीटर भरला. कोरड्या दिवसांत ही भिंत कशीबशी उभी राहिली असती. पावसाळ्यात ती उभी राहिली, याचेच मला आश्चर्य वाटले.

जमीन आणि तिचा पूर्वीचा वापर

नाशिक शहरात वर्षाला साधारण सातशे मिलिमीटर पाऊस पडतो आणि पंचेचाळीस किलोमीटरवरच्या इगतपुरीत तो तीन हजारांच्या पुढे जातो. शहरातला ग्राहक, शहरातला आर्किटेक्ट आणि शहरातला ठेकेदार हे तिघेही शहराचा पाऊस डोक्यात ठेवून घाटमाथ्याजवळ घर बांधायला जातात. एका दिवसात शंभर मिलिमीटर पाऊस त्या पट्ट्यात नवलाचा नाही, आणि एवढा पाऊस पाच गुंठ्यांवर, म्हणजे सुमारे पाचशे चौरस मीटरवर, पडला की पन्नास हजार लिटर पाणी होते: दहा हजार लिटरचे पाच टँकर, एका प्लॉटवर, एका दिवसात. उतारावर गवत आणि बांध असताना यातले बरेचसे पाणी मुरते किंवा सावकाश वाहते. छप्पर, पेव्हर ब्लॉक आणि काँक्रीटचा रस्ता आला की ते सगळे एकदम खाली धावते.

सह्याद्रीचा हा भाग सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या थरांवर थर बसून तयार झालेला आहे. काळा कातळ, त्याखाली सच्छिद्र, कुजकट, विहिरी खोदणारे ज्याला मांजऱ्या म्हणतात तसा दगड, आणि दोन थरांच्या मध्ये कुठे कुठे तांबड्या मातीची पट्टी. ही तांबडी पट्टी बोटांत चोळली तर साबणासारखी गुळगुळीत लागते, आणि तिच्यातून पाणी सहजासहजी खाली उतरत नाही. वरून झिरपलेले पाणी तिच्यावर येऊन अडते आणि उतारावर जिथे ती पट्टी उघडी पडते, तिथे झरा फुटतो. आपल्या डोंगरांच्या कुशीत पावसाळ्यात एका ठरावीक उंचीवर ओळीने झरे दिसतात, ते बहुधा यामुळेच.

या प्लॉटवर तशी पट्टी आहे हे आम्हाला यंत्राने कळले नाही. वसाहतीत माळीकाम करणारे एक वयस्कर बाबा भिंतीपाशी उभे राहून आमचे काम पाहत होते. ही जमीन विकली जाण्याआधी त्यांचे घर तिथे शेती करत असे. ते म्हणाले, "साहेब, वर सगळं वरकस होतं, नागली-वरई करायचो. पण ह्या तुकड्यात नागली कधी धरली नाही. हे चिबड. इथं आम्ही भात आवणायचो." वरकस म्हणजे डोंगरउतारावरची हलकी जमीन आणि चिबड म्हणजे पाणथळ. भाताला पाणी साचलेले चालते, नागलीला चालत नाही. चढावरच्या संपूर्ण वरकस रानात एकाच तुकड्यात भात लागत असेल, तर तिथे जमिनीतून पाणी येते, एवढा सरळ अर्थ त्या वाक्यात होता. वसाहतीचा कंटूर नकाशा एप्रिलमध्ये मोजून केलेला होता आणि त्यात समपातळीच्या रेषा अचूक होत्या; झऱ्याची खूण त्यात कुठेही नव्हती. मी दुसऱ्या दिवशी भिंतीच्या पायथ्याशी कट केलेला उभा भाग धुऊन घेतला, तेव्हा जमिनीपासून दोन फुटांवर हातभर जाडीचा तांबडा पट्टा आडवा गेलेला दिसला आणि त्याच्या वरच्या कडेने पाणी घामासारखे पाझरत होते.

नियमाचा मुद्दा येथेच घेतो. राज्याच्या एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावलीनुसार १:५ किंवा त्याहून तीव्र उताराच्या जमिनीवर बांधकाम, खोदाई किंवा भराव यांना परवानगी नाही. या प्लॉटची लांबी सत्तावीस मीटर आणि मूळ उतार तेवढ्या लांबीत तीन मीटर, म्हणजे १:९ होता. नियम पूर्णपणे पाळला गेला होता. एनए, म्हणजे बिगरशेती वापराची, परवानगी होती; महारेराची, म्हणजे राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरणाची, नोंदणी होती. पण उताराचा नियम जमिनीच्या वरच्या पृष्ठभागाविषयी बोलतो. जमिनीखालून पाणी कुठून जाते याची चौकशी संबंधित तज्ज्ञालाच करावी लागते, आणि ती ले-आउट आखण्याआधी करावी लागते. डोंगरउतारावर जागा कशी निवडावी आणि संरक्षक भिंती कशा निवडाव्यात, यासाठी आयएस १४२४३ आणि आयएस १४४५८ ही भारतीय मानके १९९० च्या दशकापासून उपलब्ध आहेत. ती कुणी उघडली असती, तर निदान निचऱ्याचा प्रश्न कागदावर तरी आला असता.

विकासकाने उतार कापून पायऱ्यांसारखे सपाट प्लॉट केले होते, कारण सपाट प्लॉट लवकर विकला जातो. वरच्या अर्ध्या भागातला मुरूम कापायचा आणि तोच खालच्या अर्ध्या भागात टाकायचा, ही पद्धत सर्रास चालते आणि प्रत्येक वेळी ती चुकीची असते असेही नाही. येथे मात्र भराव टाकण्यापूर्वी मूळ जमिनीवरचे गवत आणि काळी माती काढलेलीच नव्हती. नंतर खड्डे घेतले तेव्हा भरावाच्या खाली चाळीस सेंटिमीटर जाडीचा काळा, ओला थर आणि त्यात कुजलेली गवताची मुळे सापडली. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीण गावावर डोंगर कोसळून १५१ माणसे गेली, तेव्हा पावसाबरोबरच उतारावरच्या सपाटीकरणाचीही चर्चा झाली होती. आमच्या प्लॉटची तुलना माळीणशी करण्याचे कारण नाही, उतार फार सौम्य आहे. पण कातळावर बसलेली भिजलेली सैल माती कशी वागते, हे त्या घटनेनंतर आपल्यापैकी कुणाला पुन्हा सांगावे लागू नये.

फेब्रुवारीतला ओलावा

पावसाळाभर दर आठवड्याला आम्ही भिंतीची मोजणी केली. भेगांवर काचपट्ट्या सिमेंटने चिकटवल्या, म्हणजे भेग हलली की काच तडकावी. बंद पाइप ड्रिल करून उघडल्यावर पहिल्या दिवशी पिवळसर गढूळ पाणी आले, मग स्वच्छ, आणि ऑक्टोबरमध्ये भिंत स्थिर झाली. काचा शाबूत राहिल्या. झरा आणि बंद भोके, एवढ्यावर निदान पूर्ण झाले असे मला वाटले होते आणि त्यानुसार दुरुस्तीचा आराखडाही मी काढला होता.

माझे निदान अपुरे होते. फेब्रुवारी २०२३ मध्ये, पाऊस जाऊन चार महिने उलटल्यावर, मालकीणबाईंनी फोन करून सांगितले, "सर, वरच्या ओळीतल्या तीन पाइपांतून अजून थेंब गळतायत, आणि वास येतोय." झरा फुटतो तो भिंतीच्या पायथ्याजवळ, आणि हे पाणी येत होते वरच्या ओळीतून, म्हणजे भरावाच्या भागातून. वरच्या प्लॉटवर घर बांधून झाले होते, मुंबईचे कुटुंब शनिवार-रविवारी येत असे, आणि त्यांच्या सेप्टिक टँकचा शोषखड्डा भिंतीपासून अवघ्या अडीच मीटरवर, त्याच भरावात होता. त्यांच्या परवानगीने टँकनंतरच्या चेंबरमध्ये फ्लोरोसीनचा रंग ओतला. तिसऱ्या दिवशी सकाळी त्या तीन पाइपांखालच्या दगडांवर फिकट हिरवे ओघळ उतरले होते. त्या कुटुंबाने ते स्वतः येऊन पाहिले आणि नंतरच्या सगळ्या कामात त्यांनी मनापासून साथ दिली, हे नोंदवले पाहिजे.

या प्रकरणातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट मला हीच वाटते. सपाट जमिनीवर प्रत्येक प्लॉटमध्ये स्वतंत्र शोषखड्डा ही स्वस्त आणि चालणारी सोय आहे. उतारावर तोच शोषखड्डा म्हणजे खालच्या शेजाऱ्याच्या भिंतीमागे बारा महिने चालू ठेवलेला नळ होतो. शिवाय लॉनला रोज दिलेले पाणी त्यात भर घालते. नकाशावर वरचा प्लॉट आणि खालचा प्लॉट यांच्यामध्ये एक जाड रेघ असते, दोन वेगळे आर्किटेक्ट असतात, दोन वेगळ्या बांधकाम परवानग्या असतात. पाण्याला त्या रेघेची ओळख नसते. विकासकाच्या माहितीपत्रकात सर्व घरांसाठी एकत्रित सांडपाणी प्रक्रिया केंद्राचा उल्लेख होता. ते बांधलेले नव्हते, आणि ते होईपर्यंतची तात्पुरती सोय म्हणून शोषखड्ड्यांना मुभा दिली गेली होती.

भिंत आणि घर

मार्च ते मे २०२३ या कोरड्या काळात भिंत उतरवली. एकदम उतरवली असती तर वरच्या घराचा व्हरांडा खाली आला असता, म्हणून एकोणीस मीटर लांबीच्या भिंतीचे तुकडे पाडून एकाआड एक तुकडा खोलला आणि तो पुरा झाल्यावरच पुढचा हातात घेतला. नवी भिंत गॅबियनची केली, म्हणजे जस्तलेपित तारेच्या पेट्यांत काळ्या दगडाची हाताने रचाई. पाया दोन मीटर रुंद आणि वर पायऱ्या-पायऱ्यांनी आत घेतलेला. गॅबियनच्या संपूर्ण अंगातून पाणी बाहेर येते, त्यामुळे भोक बंद पडण्याचा प्रश्नच उरत नाही. वडार कारागिरांनी दर्शनी बाजूचा प्रत्येक दगड फिरवून, चपटी बाजू पुढे करून लावला. पेटीत दगड नुसते ओतले तर ते नंतर बसतात आणि पेटी फुगते, हे त्यांना माझ्या ड्रॉइंगपेक्षा अधिक चांगले ठाऊक होते. मागे कापड आणि तीस सेंटिमीटर खडी घातली, आणि तांबड्या पट्टीच्या पातळीवर छिद्रांचा पाइप टाकून झऱ्याचे पाणी प्लॉटच्या कडेने थेट मूळ ओहळात सोडले. शोषखड्डा भरून टाकला आणि वरच्या घराचे सांडपाणी पाइपने खाली, रस्त्याच्या पलीकडे नेले.

घराचा प्रश्न अधिक अवघड होता, कारण त्यात झालेला खर्च सोडून द्यावा लागणार होता. जोत्याच्या बारा खांबांपैकी आठ कापलेल्या भागात, घट्ट मुरमावर होते. खालच्या बाजूचे चार खांब भरावात होते आणि त्यांचे पाये नव्वद सेंटिमीटर खोल, म्हणजे सैल मातीतच संपत होते. असे घर एकाच वेळी खडकावर आणि गादीवर उभे असते. पहिल्या दोन-तीन पावसाळ्यांत खालची बाजू बसते, मधल्या भिंतींना तिरपे तडे जातात, आणि मालक वर्षानुवर्षे रंग आणि पुट्टीवर खर्च करत राहतो. मालकीणबाईंनी विचारले, "भिंत नवी झाली, मग घर आहे तसंच पुढे न्यायला काय हरकत?" मी त्यांना चौथ्या खांबाच्या खड्ड्यात उतरवून ती काळी माती हातात दिली. त्यांनी ती दाबली, बोटांमधून पाणी आले, आणि त्यांनी पुढे काही विचारले नाही.

चार पाये तोडले आणि सरासरी १.८ मीटर खोलीवर, मूळ घट्ट मुरमात नवे घेतले. खालच्या अर्ध्या भागातला भराव काढून घर दोन पातळ्यांवर केले: झोपायच्या खोल्या आणि स्वयंपाकघर वर, आणि सहा पायऱ्या उतरून बैठकीची खोली. उतारावरच्या घरात वरच्या बाजूचे खांब आखूड आणि खालचे लांब होतात. भूकंपात आखूड खांब ताठ असल्यामुळे जास्त भार ओढून घेतात आणि तेच आधी तुटतात. आयएस १८९३ या भूकंपविषयक मानकाच्या २०१६ च्या आवृत्तीत नाशिक भूकंपाच्या तिसऱ्या विभागात आहे, त्यामुळे ही बाब सोडून देण्यासारखी नव्हती. दोन्ही पातळ्यांवर बांधणारे बीम घेतले आणि मधल्या टप्प्यावर एक आरसीसी भिंत घातली. घर आणि गॅबियन यांच्यात तीन मीटर मोकळे अंतर ठेवले. संरक्षक भिंतीलाच घराची मागची भिंत करून जागा वाचवण्याची जी सवय पडली आहे, ती मला कधीच मान्य झालेली नाही.

जबाबदारी कोणाची

रेरा कायद्याच्या कलम १४(३) नुसार ताबा दिल्यापासून पाच वर्षांत बांधकामातला किंवा सोयीसुविधांतला दोष निदर्शनास आणून दिल्यास विकासकाने तो तीस दिवसांत, वेगळे पैसे न घेता दुरुस्त करून द्यायचा असतो. ताबा २०२० चा होता, म्हणजे मुदत शिल्लक होती. ओळंब्याची मोजमापे, बंद पाइपांची छायाचित्रे आणि रंगाच्या चाचणीची नोंद जोडून नोटीस गेली. विकासकाने सुरुवातीला अतिवृष्टीकडे बोट दाखवले. सळई लागलेल्या पाइपांची छायाचित्रे पाहिल्यावर भिंतीचा पूर्ण खर्च मान्य केला. घराच्या पायांचा खर्च मालकांनी सोसला, कारण भरावात पाये घेणारा आराखडा त्यांनी नेमलेल्या माणसाचा होता. ही वाटणी मला रास्त वाटली.

माथ्यावरच्या सामाईक चरीचा प्रश्न मात्र कायद्याच्या एका कलमाने सुटला नाही. डोंगरावरून येणारे पाणी वसाहतीत शिरण्याआधी अडवून बाजूला नेणारी चर ले-आउटमध्ये दाखवलेली होती. प्रत्यक्षात तिच्या सुमारे एक तृतीयांश लांबीवर दोन प्लॉटधारकांनी कुंपण पुढे सरकवून बाग केली होती. चर कुणाच्याही प्लॉटमध्ये धरलेली नव्हती, म्हणून तिची साफसफाई कुणाकडेच नव्हती. सहकारी संस्था तेव्हा कागदावरही नव्हती. ती २०२४ च्या सुरुवातीला नोंदवली गेली, आणि तिच्या पहिल्या सभेत दरवर्षी १५ मेपूर्वी चर, मोऱ्या आणि सर्व भिंतींची भोके तपासून सही करण्याचा ठराव झाला. एक कुंपण मागे घेतले गेले आहे. दुसऱ्याची बोलणी चालू आहेत, आणि त्याच प्लॉटवर पोहण्याच्या तलावाचा नकाशा मंजुरीसाठी आलेला आहे.

२०२४ च्या ऑगस्टमध्ये सलग चार दिवसांच्या पावसानंतर मी पुन्हा ओळंबा घेऊन गेलो. गॅबियन दोन पावसाळ्यांत मिळून नऊ मिलिमीटर बसले होते, ते अपेक्षित होते. पुढे आले नव्हते. पायथ्याच्या पाइपातून मनगटाएवढी, स्वच्छ धार ओहळात पडत होती. माळीबाबांनी तिच्याखाली कळशी लावून ठेवली होती.